भाच्याची जीप

दीक्षाभूमीवरून परतून आम्हाला दोनच दिवस झाले होते. सकाळची वेळ, नळाला पाणी आलेले, घरात बादल्यांची घाई चाललेली. तोच चाळीच्या तोंडाशी मोठा हॉर्न वाजला. बाहेर येऊन पाहतो तो आमचा पालघरचा भाचा एका जीपमध्ये बसून हसतो आहे. "जयभीम मामा, घेतली एकदाची!" गाडी महिंद्राची, डिझेलवरची, पंचवीस वर्षांची होत आलेली. वरून हिरवी, खालून काळीभोर. टायर बरे होते, इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होत होते. घरातून साखर आली, सगळ्यांच्या हातावर पडली, चाळीतली पोरे मागच्या सीटवर चढून बसली.

वाचकांना थोडे मागचे सांगायला हवे. भाचा तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नऊ वर्षे कंत्राटी कामगार होता. कंत्राट संपले, काम संपले. त्याची बायको स्वयंपाकात हुशार, म्हणून दोघांनी बोईसरला एकटे राहणाऱ्या कामगारांना जेवणाचे डबे पोचवायचे ठरवले. सायकलवर वीस डबे जातात, साठ जात नाहीत. हिशेबाचे मिळालेले पैसे आणि आमच्या ताईच्या भिशीचे पैसे एकत्र झाले आणि त्यातून ही जीप आली. तेव्हा पुढे जे घडले ते आम्हाला हसण्यावारी नेता येण्यासारखे नव्हते. डबे धंद्यासाठी न्यायचे तर गाडीची नोंद त्या प्रकारची लागते, हे आम्ही त्याला पहिल्याच दिवशी बजावले. तो खटाटोप त्याचा त्याने केला, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

आम्ही आयुष्यभर फिटरचे काम केले. फिटरला एक वाईट खोड असते, कोणतीही वस्तू हातात आली की तो आधी ती उलटी करून पाहतो. जीप उलटी करता येत नाही, म्हणून गोणपाट टाकून आम्ही खाली शिरलो. सगळीकडे एकसारखा काळा चकचकीत रंग. आमच्या मनात पाल चुकचुकली. पंचवीस पावसाळे खाल्लेली गाडी खालून इतकी नवी कशी? हातात छोटी हातोडी होती, ती पुढून मागे हलकेच आपटत गेलो. टण, टण, टण. मागच्या चाकाच्या वर आलो आणि आवाज बसला. भद्द. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. काळ्या रंगाखाली लांबी, म्हणजे डेंटरची पुट्टी, तिच्यामागे वर्तमानपत्राचा बोळा, आणि बोळ्याच्या मागे पोकळी. लोखंड तिथे उरलेच नव्हते.

"मामा, तुम्ही भोक पाडलंत!" हा भाच्याचा पहिला उद्गार. भोक आम्ही पाडले नव्हते, होते ते उघडे केले होते. पण हे त्याला पटायला संध्याकाळ झाली. ज्याने गाडी विकली त्याला फोन लावला. "जुनी गाडी म्हटल्यावर थोडंफार असायचंच," एवढे बोलून त्याने फोन ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. गाडी घेताना भाच्याने इंजिनाचा आवाज ऐकला, टायर पाहिले, सीटचे रेक्झिन पाहिले. खाली कोणी पाहिले नाही. आम्हाला सोबत न्यायला हवे होते असे आमच्या तोंडावर आले होते, पण त्याचा चेहरा पाहून गिळून टाकले.

मोटारीच्या भाषेत चेसी म्हणजे सांगाडा. जीपची चेसी जमिनीवर आडव्या टाकलेल्या शिडीसारखी असते. दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे काही आडवे दांडे. इंजिन, पाटे, चाके, वरचे पत्र्याचे खोके, आत बसलेली माणसे, साऱ्यांचा भार या शिडीवर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी सहा लाखांवर जीपा बांधल्या, त्या याच घडणीच्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलीजच्याच जीपा जुळवायला घेतल्या आणि ती घडण आपल्याकडे पन्नास वर्षे टिकली. सगळ्या गाड्यांना अशी वेगळी शिडी नसते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी घ्या किंवा ॲम्बॅसडर घ्या, त्यांचा तळाचा पत्रा, दाराखालचे उंबरे आणि खांब मिळूनच सांगाडा होतो. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ सालची. वीस वर्षांची मुदत भरून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. खाजगी पद्मिनी मात्र अजून कोणाकोणाच्या दारात असतील. त्यांनी पायाखालची चटई उचलून पाहावी. तिथला पत्रा गेला तर चेसीच गेली असे समजावे. जीपचे उलटे आहे. वरचे खोके चाळणी झाले तरी गाडी चालते, शिडी मात्र शाबूत हवी.

आमच्या जीपच्या शिडीचे असे का झाले, याचा उलगडा कागदपत्रे पाहिल्यावर झाला. गाडी आधी कित्येक वर्षे सातपाटीला होती आणि मागच्या हौद्यात माशांची खोकी जात होती. आपल्या बाजूला मासळीचे टेम्पो पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. बर्फ वितळतो, खारट पाणी फटींतून ठिबकत राहते, ते थेट चेसीवर. गाडी रात्री उभी राहते तेव्हाही ठिबकणे चालूच. त्यात सातपाटी, केळवे, चिंचणी, तारापूर ही सगळी समुद्राच्या वाऱ्यावरची गावे, आणि इकडे एमआयडीसीची हवा. देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक वसाहतींच्या सरकारी यादीत तारापूरचे नाव आलेले आहे, त्यावर आम्ही अधिक काय लिहावे!

गंजाला लोखंड, हवा आणि पाणी एवढे पुरते. मीठ आले की काम झपाट्याने होते. गंजणे ही मुळात विजेचीच एक बारीक क्रिया आहे आणि खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून धरते, म्हणून पाऊस नसतानाही गंज थांबत नाही. आणखी एक गोष्ट फिटर सोडून फार कोणाच्या लक्षात येत नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. जिथे दोन पत्रे एकावर एक बसवलेले असतात तिथे मधला गंज फुगतो आणि पत्रे फाकवतो. चेसीचा दांडा कुठे फुगलेला दिसला तर आत काय चालले आहे ते ओळखावे. आणि दांडा पेटीसारखा बंद असेल तर तो आतून बाहेर गंजत येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला खेळ संपत आलेला असतो.

त्या रात्री जेवणानंतर बैठक बसली. ताईसुद्धा पालघरहून आली. भंगारात द्यावी की दुरुस्त करावी? २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्या भंगारात काढण्याचे धोरण आणले. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ती १०,००० केली गेली. वर राज्याचा पर्यावरण कर. एवढे भरून मुदत वाढते ती पाच वर्षांची. हे सगळे आम्ही वहीच्या पानावर मांडले. भंगाराचा भाव मांडला तर ताईच्या भिशीचेसुद्धा पैसे सुटत नव्हते. भाचा म्हणाला, "आत पट्टी मारू, वरून काळा रंग देऊ, पासिंग होऊन जाईल. सगळे तेच करतात." यावर ताई पहिल्यांदा बोलली. "त्या गाडीत पुढं तुझ्या शेजारी कोण बसणार?" भाचा गप्प. बसणार होती त्याची बायको, मांडीवर दोन वर्षांची पोर घेऊन.

तेव्हा ठरले ते असे. गंज पूर्ण उघडा करायचा. जे घरच्या हाताने नीट होईल ते घरी करायचे. जे होणार नाही ते वर्कशॉपला द्यायचे. आणि उघडल्यावर निम्म्याहून जास्त शिडी गेलेली निघाली तर गाडी भंगारात, मग कोणी रडायचे नाही.

जीपचे खोके चेसीला बोल्टांनी बसवलेले असते. त्यातले अर्धे बोल्ट पान्याला दाद देईनात. आदल्या रात्री तेल सोडून ठेवले तरी चार कापावेच लागले. प्रत्येक बोल्ट, वॉशर, रबर आमच्या धाकटीने वेगवेगळ्या रिकाम्या डब्यांत ठेवले आणि वर कागद चिकटवून जागा लिहिली. हे काम कंटाळवाणे वाटते, पण दोन महिन्यांनी जोडताना त्या डब्यांनी आम्हाला वाचवले. मग एका रविवारी चाळीतली आठ माणसे बोलावली, एकदोनतीन म्हणून खोके उचलले आणि रिकाम्या ड्रमांवर ठेवले. चहा आणि बटाटेवडे एवढ्यावर भागले. खाली राहिली ती शिडी, इंजिन आणि चाके. उघड्यावर जीप फार लहान दिसते, एखाद्या कातडे सोललेल्या जनावरासारखी.

गाडी ठोकळ्यांवर घ्यायची तर लाकडाचे जाड ठोकळे घ्यावेत. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक भाराखाली अचानक फुटतात आणि जॅक कधी बसेल सांगता येत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली आम्ही कोणाला शिरू दिले नाही, भाच्याला दोनदा पायाला धरून बाहेर ओढले.

त्याआधी एक काम केले, ते विसरू नये. चेसी नंबर कुठे ठोकलेला आहे ते शोधले. आमच्या गाडीत तो पुढच्या चाकाजवळच्या दांड्यावर होता. त्या जागी ग्राइंडर अजिबात लावायचा नाही. आरसी बुकातला नंबर आणि दांड्यावरचा नंबर जुळला तरच ती गाडी, नाही तर चोरीची समजून विचारणा होते. धाकटीने तिथे नुसते थिनरचे फडके आणि मऊ ब्रश फिरवला, नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली आणि छाप उठवून घेतला. एक आकडा अर्धवट होता, पण वाचता येत होता. मग वरून ग्रीस लावून जाड चिकटपट्टी मारली. शिडीचा एवढा एक तळहात कोणी हात लावायचा नाही असे ठरले.

आता गंज काढणे. इथे आमच्याकडून पहिली चूक झाली. लोखंड घासण्याआधी मीठ धुऊन काढावे लागते, एवढे आम्हाला ठाऊक होते. पण सकाळी नळाला पाणी थोडे, म्हणून आम्ही मागच्या विहिरीवरून पंप लावून सगळी शिडी धुतली. पाणी मचूळ! किनाऱ्याकडच्या निम्म्या विहिरींचे तेच. म्हणजे मीठ धुवायला आम्ही मीठच ओतले. दुसऱ्या दिवशी घरातून ऐकून घेतले, आणि तीन दिवस सूर्या नदीचे नळाचे पाणी कळशीने आणून पुन्हा धुतले. बंद दांड्यांना खालून लहान भोके असतात, पाणी निथळायला ठेवलेली. आमच्या गाडीची सगळी भोके चिखलाने बुजली होती. तारेने ती मोकळी केली तेव्हा आतून बादलीभर माती आणि गंजाचे पोपडे पडले. आणि माशांचे खवले.

शेजारच्या काकांनी मदत म्हणून कारखान्यातून अर्धा कॅन ॲसिड आणले. ते पिकलिंगच्या खात्यात आहेत, तिथे लोखंडाचे पत्रे ॲसिडात बुडवून साफ करतात. "दोन तासांत चांदीसारखं होईल," म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता, पण आमच्या घरातून ठाम नकार आला आणि तो बरोबर होता. कारखान्यात टाकी असते, वारा खेचणारे पंखे असतात, नंतर धुण्याची सोय असते. चाळीत काय असते? रांगणारी पोरे. पाण्याची बाटली समजून कोणी उचलली तर? शिवाय ते ॲसिड सांध्यांच्या फटींत शिरले की निघत नाही, त्यातला क्लोराइड आत राहून वर्षभरात पुन्हा गंज धरतो. काकांनी कॅन जसा आणला तसा परत नेला. वाचकांपैकी जे अशा खात्यांत आहेत त्यांना आमची विनंती आहे, कारखान्याचे ॲसिड घरी आणू नका. ओतून द्यायलासुद्धा चाळीत जागा नसते.

आम्ही हातानेच केले. आधी छिन्नी-हातोडीने पोपडे, मग वायर ब्रश, मग ग्राइंडर. ग्राइंडरला चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच. तारेचा तुकडा सुटून डोळ्यात गेलेला माणूस आम्ही कारखान्यात पाहिला आहे. जुन्या गाड्यांच्या तळाच्या रंगात शेंदूर असू शकतो, आणि शेंदूर म्हणजे शिसे. घराच्या रंगातल्या शिशावर आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून मर्यादा आली, जुना रंग त्याआधीचा. म्हणून जिथे रंग शाबूत होता तिथे तो पाणी मारून ओला खरवडला, खाली ताडपत्री अंथरली आणि धूळ गोळा करून ठेवली. त्या कपड्यांनिशी पोरांना उचलून घेतले नाही, कपडे वेगळे धुतले.

खड्ड्याखड्ड्यांत जो गंज बसतो तो ब्रशने निघत नाही. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात फॉस्फोरिक ॲसिडचे औषध मिळते. तेही ॲसिडच आहे, हातमोजे लागतात, पण ते सौम्य आहे आणि लोखंडाशी मिळून त्यावर फॉस्फेटचा काळपट थर धरते. दिल्लीच्या कुतुबमिनारजवळचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, त्याचे मर्म असेच काहीसे आहे. आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी तो बारकाईने अभ्यासला. जुन्या भट्ट्यांतल्या लोखंडात फॉस्फरस जास्त होता आणि त्यामुळे स्तंभावर फॉस्फेटचे पातळ कवच तयार झाले, असे त्यांनी दाखवले. अर्थात दिल्लीच्या कोरड्या हवेचाही त्यात हात आहे. तो स्तंभ सातपाटीच्या बंदरावर उभा केला असता तर काय झाले असते, हे आम्हाला पाहायला आवडले असते.

दुसरी चूकही सांगून टाकतो. एका शनिवारी मागचा सगळा भाग घासून चकाचक केला, थकलो, प्रायमर उद्या लावू म्हणालो. रविवारी एका लग्नाला जावे लागले. सोमवारी पाहतो तो सगळ्यावर पिवळट तांबूस साय. उघडे लोखंड आपल्या हवेत दोन रात्री काढत नाही. तेव्हापासून नियम केला, सकाळी जेवढे घासायचे तेवढ्यालाच संध्याकाळच्या आत प्रायमर. जिथे वेल्डिंग व्हायचे ती जागा तेवढी सोडायची. गंमत अशी की रेड ऑक्साइड प्रायमरचा लाल रंग हा लोखंडाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे गंजाच्याच घराण्यातला.

सगळे उघडे झाल्यावर हिशेब लागला. मागचा आडवा दांडा पूर्ण गेलेला. डाव्या लांब दांड्याला मागच्या चाकाच्या वर सुमारे दीड वीत कुजलेले, उजव्याला तीन ठिकाणी रुपयाएवढी भोके. बाकीची शिडी टण वाजत होती. म्हणजे गाडी वाचण्यासारखी होती.

धाकटी आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड शिकलेली आहे. पोरीला वेल्डर कशाला करता, असे आम्हाला चारजणांनी विचारले होते. त्या चारांपैकी दोघे आता रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन बघायला येऊ लागले. तिने सुरुवातीलाच आमचे ऐकणे बंद केले, आणि आम्हाला ते ऐकावे लागले. आधी तिने शिडीचे कर्ण टेपने मोजले. पुढच्या डाव्या बोल्टापासून मागच्या उजव्यापर्यंत, मग उलटे. दोन्ही माप सारखे आले तर शिडी काटकोनात. माप भिंतीवर खडूने लिहिले. कुजलेला भाग कापण्याआधी दोन्ही बाजूंना आधार दिले, नाही तर कापताच दांडा वाकतो. मग जिथवर हातोडी भद्द वाजत होती त्याच्याही पुढे, चांगले लोखंड लागेपर्यंत कापले. पातळ लोखंडावर टाका धरत नाही, बाजूने पुन्हा फाटतो. पट्टी शाबूत दांड्याच्याच जाडीची घेतली.

पट्टीसाठी काकांनी पुन्हा मदत केली, या वेळी जस्त चढवलेल्या पत्र्याचा तुकडा. धाकटीने तोही परत दिला. जस्त जळले की पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. गॅल्व्हनायझिंगच्या खात्यातल्या वाचकांना हा ताप ठाऊक असेल. भाच्याच्या मनात आणखी एक आले होते, सगळी चेसीच गॅल्व्हनायझिंगला बुडवून आणली तर? कल्पना वाईट नाही. पण ती टाकी सुमारे ४५० अंशांवर वितळलेल्या जस्ताची असते. पेटीसारख्या बंद दांड्यात हवा किंवा ओल अडकली असेल तर तो आत स्फोटासारखा फुटू शकतो. भोके पाडून, तपासून, मगच बुडवतात. शिवाय इंजिन, पाटे, सगळे उतरवावे लागले असते. आमच्या खिशाला ते झेपले नसते.

वेल्डिंगच्या दिवशी बॅटरीच्या तारा सोडल्या, डायनॅमोच्याही सोडल्या. डिझेलची टाकी उतरवून चाळीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. वाळूच्या दोन बादल्या जवळ. भोवती ताडपत्रीचा आडोसा केला, पोरांसाठी. ती निळी ज्योत पाहायला पोरांना आवडते आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी होऊन घर डोक्यावर घेतात. तसे झाले तर घरचे उपाय न करता दवाखाना गाठावा. चाळीचा फ्यूज दोनदा उडाला, मालिका चालू असताना, त्याबद्दल आम्ही घरोघर माफी मागितली.

धाकटीच्या कामातल्या दोन गोष्टी आम्ही चाळीस वर्षे फिटर असून नव्याने शिकलो. तिने पट्टीचे कोपरे गोल केले आणि टोके तिरकी कापली. "पप्पा, दांड्यावर सरळ उभा टाका मारला तर तिथंच रेघ पडते, भार आला की तिथंच तुटतं." आणि तिने एका दमात टाका ओढला नाही. इकडे दोन बोटे, तिकडे दोन बोटे, थांबायचे, गार होऊ द्यायचे. उष्णतेने दांडा ओढला जाऊ नये म्हणून. शेवटी पुन्हा कर्ण मोजले. भिंतीवरच्या खडूच्या मापाशी जुळले.

पुढच्या भागात मात्र तिने हात आखडता घेतला. स्टिअरिंगचा डबा ज्या जागी चेसीला बसतो तिथे रंग खरवडल्यावर केसासारखी चीर दिसली. जुन्या जीपांना या जागी चीर पडते, दर वळणाला तिथे पिळ बसतो. भाचा म्हणाला, एवढीशी तर आहे, मार एक टाका. ती म्हणाली, "दादा, हे मी नाही करणार. इथं चुकलं तर स्टिअरिंग हातात राहील आणि गाडी दुसरीकडं जाईल." आम्ही तिच्या बाजूने उभे राहिलो. गाडी चाकांवर उभी करून, टेम्पोला टोचन लावून एका वर्कशॉपला नेली. तिथल्या मिस्त्रींनी डबा उतरवला, चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडली म्हणजे ती पुढे पळणार नाही, मग आतून जाड पट्टी देऊन काम केले. घरचा सगळा खर्च मिळून जेवढा झाला त्याच्या निम्मा खर्च या एका जागेचा. भाचा कुरकुरला नाही.

बाकीचे पटकन सांगतो. प्रायमरचे दोन हात, काळ्या रंगाचे दोन हात, मध्ये पुरते वाळू दिले. बंद दांड्यांच्या आत फवारायचे मेण गॅरेजच्या दुकानात मिळते, ते नळीने आत सोडले. पुष्कळ जण जळके इंजिन ऑईल मारतात. आम्हीही तरुणपणी मारले आहे. ते रबराचे बुश खाते, हाताची कातडी खराब करते आणि ठिबकून विहिरीपर्यंत जाते, म्हणून आता मारत नाही. निथळायची भोके शेवटी पुन्हा तारेने मोकळी केली. खोके पुन्हा त्याच आठ माणसांनी चढवले, या वेळी वड्यांबरोबर जिलबी होती.

फेरनोंदणीला गाडी दाखवायला गेली त्या दिवशी आम्ही मुद्दाम गेलो नाही, धाकटीला पाठवले. साहेबांनी खाली वाकून बॅटरी मारली, चेसी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, अर्धवट आकड्यापाशी थांबले. धाकटीने पर्समधून आपला छाप काढून पुढे केला, जुना, रंगाच्या आधीचा. त्यांनी दोन्ही शेजारी धरून पाहिले, मागची वेल्डिंग कोणी केली म्हणून विचारले आणि सही केली.

डबे आता पासष्ट झाले आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाचा गाडी धुवायला आमच्याकडे येतो, विहिरीकडे बघतसुद्धा नाही, नळाला पाणी येईपर्यंत थांबतो. मग गोणपाट टाकून खाली शिरतो आणि आतून ओरडतो, "मामा, हातोडी द्या."